सेसिल म्हणजे काय

पप्पूने पोराचं नाव हैदराबादेतच ठरवून आणलं होतं. सेसिल. त्याच्या कंपनीतल्या मोठ्या साहेबाचं नाव. मेहकरच्या अंगणात बारशाला जमलेल्या पाहुण्यांना तो सांगत होता, "लॅटिन नाव हाय. अर्थ, सम्राट."

त्याची बहीण मंजुश्री पाळण्याला झुंबर बांधता बांधता ऐकत होती. भावाचं बोलणं तिला लहानपणापासून पाठ होतं. वरून चकचकीत, आत नुसता भुसा. पोराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून तिने चार दिवसांपूर्वीच चौकशी केली होती. ती बीदरला नर्स होती. रक्तदाब तपासून घ्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या फादरला लॅटिन येत होतं.

तिने पप्पूला बाजूला घेतलं. "अर्थ कुणी सांगितला तुला?"

"सगळ्यालाच ठाव हाय."

"सेसिल म्हणजे आंधळा."

पप्पूचा चेहरा पडला. "हळू बोल की."

पण ओट्यावर बसलेल्या अंकुशरावांनी ऐकलं होतं. काचबिंदूने डोळे गेल्यापासून वडिलांचे कान तिखट झाले होते. त्यांच्या ऑपरेशनला पप्पूला रजा मिळाली नव्हती. सासऱ्याच्या साठीला मात्र आठ दिवस मिळाली.

अंकुशराव हसले. "मग ठिवा की तेच. आज्याचं नाव नातवाला."

"न्हाई अप्पा, असलं अभद्र नको," पप्पू बोलून गेला.

मंजुश्रीने भावाकडे पाहिलं. थाप मारली याचं तिला काही वाटलं नाही, ते रोजचंच. पण साहेबाचं म्हणून आत्तापर्यंत मिरवलेलं नाव बापाला लागू पडताच अभद्र झालं, याची तिला किळस आली.

"अभद्र कामून रं?" अंकुशरावांनी शांतपणे विचारलं.

पप्पू मोबाईल काढून दुसरी नावं शोधायला लागला.

मंजुश्रीने पोर उचलून वडिलांच्या मांडीवर दिलं. त्यांनी बोटांनी त्याचं कपाळ, नाक, हनुवटी सावकाश चाचपली.

"तुमीच सांगा अप्पा, काय ठिवायचं?"

"अमरनाथ."

तिने वाकून पोराच्या कानात तेच सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले.

"मला कुणी इचारलंच न्हाई," पप्पू मागून म्हणाला.

"तू शोधत बस," मंजुश्री म्हणाली, आणि घुगऱ्यांचं पातेलं घेऊन पाहुण्यांकडे गेली.