सैतानाच्या पाठीवरचं नाव

लेनिनग्राडच्या त्या संग्रहालयात आग्निया चित्र परत मागायला आलीच नव्हती. मागून मिळणार होतं थोडंच! तिला एवढंच हवं होतं, की नोंदवहीत 'पूर्वीचा मालक' या रकान्यात तिच्या वडिलांचं नाव लागावं. इग्नाती ल्वोविच. एकोणीसशे सदतीसच्या धरपकडीत पोलिसांनी घरातून उचलून नेलेला माणूस. वीस वर्षांनी सरकारने त्याला निर्दोष ठरवल्याचा कागद पाठवला, तोही लेकीला! त्याला मेल्यावर काय करायचाय कागद?

नोंदी सांभाळणाऱ्या कापितोलिना येगोरोव्हना सज्जन बाई होत्या. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला.

"चित्रकाराने बाबांनाच समोर बसवून हा सैतान रंगवला," आग्निया म्हणाली. "आई चिडायची. घरात एक सैतान पुरत नव्हता, म्हणून दुसरा भिंतीवर टांगलात!"

बाई हसल्या. "मग एखादा फोटो आणा की. चेहरा जुळवून बघू."

"बाबांना नेल्यावर भीतीने फोटोंतून त्यांचे चेहरे कापले आम्ही. तेव्हा सगळेच कापत होते. तुम्ही नाही कापले?"

बाई चहा ढवळत राहिल्या.

"चौकटीवर मागे चित्रकाराने बाबांचं नाव घालून भेट म्हणून लिहिलं होतं. एखादं अक्षर तरी उरलं असेल हो!"

दोघा कामगारांनी चित्र फिरवलं. चौकटीच्या लाकडावर तळहाताएवढा भाग खरवडून गुळगुळीत केलेला होता.

"कुणी केलं हे? फार निगुतीने केलंय," बाई म्हणाल्या.

"मी," आग्निया म्हणाली. "बारा वर्षांची होते. बाबांना नेल्यावर आई म्हणाली, नावावर शाई फास. मला वाटलं, शाईखालचं कुणी वाचलं तर? म्हणून चाकू घेतला. आईने माझे लाड केले त्या दिवशी. आठवड्याने चित्रही जप्त झालं."

"नुसती शाई असती तर खालची अक्षरं आज खास दिव्याखाली वाचता आली असती," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. "दुसरा साक्षीदार नाही का कुणी?"

"मी आहे ना."

"लेकीची साक्ष चालत नाही, बाई."

त्यांनी रकान्यात 'अज्ञात' लिहिलं.

कामगारांनी चित्र सरळ केलं. दर रविवारी तिकीट काढून ती याच चेहऱ्याला भेटायला यायची. आज तिने डोळे मिटून बाबांना आठवून पाहिलं. सैतानच समोर आला. बाबा खरंच असे दिसायचे का, तिला काही केल्या सांगता येईना.