शनिवारचं तेल

वाल्मीकने बॉनेट उघडलं, तेल मोजायची सळई उपसली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली आणि बाहेर काढून पाहिली. फक्त टोक भिजलं होतं. नाशिकहून मालेगाव गाठायचं, मध्ये चांदवडचा घाट, आणि गाडी अशी की पेट्रोलपेक्षा तेलच जास्त पिणारी. एका वकिलाला ती पोसवेना म्हणून त्याने विकली, आणि भांड्यांचं दुकान बरं चाललंय म्हणून वाल्मीकने हौसेने गळ्यात बांधून घेतली.

तरी आज त्याला काळजी नव्हती. कालच हनीफच्या पेट्रोलच्या दुकानातून इंजिनाच्या तेलाचा डबा आणून त्याने ओट्यावर ठेवला होता. डबा तिथेच होता. उचलला, तर रिकामा.

"अगं, यातलं तेल कुठं गेलं?"

अक्काबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. "दान केलं," ती नवऱ्याला म्हणाली.

झालं होतं ते असं. सकाळी शनीच्या नावाने तेल मागणारा दारात आला होता. माणसाने तेलात आपलं तोंड पाहावं आणि ते तेल त्याच्या भांड्यात ओतावं, म्हणजे पीडा टळते, ही रीत. अक्काबाईच्या मते या घरात पीडा होती ती गाडीला. घडोघडी बैल लावून ओढून आणावी लागायची. तेव्हा तिने डबा परातीत ओतला, परात गाडीसमोर धरली, दोन्ही दिवे तेलात नीट दिसतात याची खात्री करून घेतली आणि सगळं तेल त्याला देऊन टाकलं.

"घरात गोडं तेल नव्हतं?"

"माणूस आपल्या खाण्यातलं देतो. गाडीने गाडीचं द्यायला नको?"

वाल्मीकने कपाळावर हात मारून घेतला. कपाळ काळं झालं ते वेगळंच. "बरं. जाताना हनीफकडून दुसरं घेऊ."

"शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही," अक्काबाई म्हणाली.

आता मात्र वाल्मीकचं डोकं फिरलं. उतारूंना मालेगावला नेणारी सर्व्हिसची मोटार कधीच सुटून गेली होती. मालेगावात आज बारसं होतं ते अक्काबाईच्या एकुलत्या एका भावाच्या, नाथाच्या मुलाचं. किती नवससायासांनी झालेलं पोर. त्याच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, म्हणजे हिने. हिची स्वतःची कूस उजवली नव्हती. कुणाच्या कानात नाव सांगण्याची अशी वेळ हिच्यावर पुन्हा यायची नव्हती, हे दोघंही जाणून होती आणि दोघंही कधी बोलत नव्हती. नाव तिने कधीचं ठरवून ठेवलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आणि घाटात गाडी बसली तर? नाव कोण सांगणार, तुझा तो तेलवाला?"

"बाळाच्या पहिल्या कार्याला शनी घेऊन जाऊ का मी?"

वाल्मीकने तिला गाडीत बसायला लावलं. जेमतेम टोक भिजेल एवढ्या तेलावर गाडी हनीफच्या दुकानापर्यंत नेली आणि बायकोकडे न बघता डबा मागितला.

"शेठ, कालच तर नेला. एवढं पितीये?" हनीफ म्हणाला.

"ओत तू."

सळईवर तेल खुणेपर्यंत आलं. अक्काबाई पदर तोंडाशी धरून बसून राहिली. ओझर गेलं, पिंपळगाव गेलं, पदर तिथेच. गाडीने घाट असा चढला की जणू कालच कारखान्यातून निघाली आहे. वाल्मीकला त्याचाही राग आला, कारण 'बघ' म्हणावं, तर ती सगळं श्रेय दानालाच देणार होती.

नाथाच्या दारात पोचले तेव्हा आत पाळणा सजवून बायका आत्याचीच वाट पाहत होत्या. अक्काबाई गाडीतून उतरेना.

"शनिवारच्या तेलावर आलेय मी. त्याच्या कानाशी तोंड नेणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांगू दे नाव."

"तेल मी घेतलं. दोष लागला तर मला लागेल."

"तुमचा तो माझाच," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, डोळे भरले होते. भांडायलाही जागा राहिली नाही. वाल्मीकने विनवलं, दटावलं, शेवटी चाकाला लाथ घातली आणि पाय चोळत उभा राहिला.

इतक्यात कानाला फडकं बांधलेली नाथाची बायको, मैना, बाळाला घेऊन दाराबाहेर आली. वाल्मीकने एका दमात तिला सगळं सांगितलं. मैनाने ऐकून घेतलं आणि बाळ सरळ अक्काबाईच्या मांडीवर ठेवलं.

"वन्सं, हात लावून बघा. कसा तुळतुळीत झालाय. सकाळी तेल संपलं होतं. सुईण म्हणाली, कोरड्या अंगाला मी हात लावायची नाही. मग घाण्यावरून आणवलं."

"आज? विकत?"

"फुकट कोण देतंय? शनिवार आहे म्हणून पोराला कोरडं ठेवू का?"

अक्काबाईने बाळाच्या अंगावरून हात फिरवला. त्याच्या टाळूला तेलाचा वास येत होता. मग ती वाकली आणि त्याच्या कानाशी कितीतरी वेळ काहीतरी बोलली. एक नाव सांगायला इतका वेळ लागत नाही.

वाल्मीकला एक अक्षर ऐकू आलं नाही. सकाळपासून आपण कुणाशी डोकं फोडत होतो, हेच त्याला कळेना. बाळाची मूठ तरी धरावी म्हणून त्याने खिडकीतून हात आत घातला.

अक्काबाईने तो बाजूला सारला. "तेलाचे हात लावू नका त्याला," ती म्हणाली.