मिस पेंगेलीचं पार्सल

अर्डिस थोर्सगार्डला टीव्हीवर आणलं ते ब्रिटिशांनी, आणि त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नव्हता. आकाशातल्या टपाल खात्याची त्यांची एक मालिका विस्कॉन्सिनमधल्या त्या लहानशा सार्वजनिक वाहिनीनं स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तेव्हा कुणी घड्याळ लावून पाहिलंच नाही. एकेक भाग पंचवीस मिनिटांत आटपायचा. वाहिनी लोकांच्या वर्गणीवर चालणारी, तिच्यावर जाहिराती नाहीत आणि बातम्या तर सातच्या ठोक्यालाच लागायच्या, त्यामुळे रोज पाच मिनिटं मोकळी उरायला लागली. व्यवस्थापक ड्वेन कोपिट्झकेनं डोकं खाजवलं आणि अर्डिसला फोन केला.

अर्डिस तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. तीस वर्षं तिनं जिल्ह्यातल्या शेतकरणींना काकड्या, बीट आणि मुरंबे बरण्यांत भरायला शिकवलं होतं. ड्वेनही दहा वर्षांचा असताना तिच्याच वर्गात केक जाळून बसला होता. त्यामुळे तो व्यवस्थापक झाला तरी ती त्याला अरे-तुरेच करायची.

पाच मिनिटं म्हणजे काय ते ड्वेनला ठाऊक नव्हतं, पण अर्डिसला होतं. त्याच वसंतात तिचा नवरा एल्मर गेला होता. घरात आता ‘मीठ जास्त झालंय’ एवढं म्हणायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळच्या त्या पाच मिनिटांत मात्र गोठ्यातून हात धुऊन आलेली शेकडो माणसं तिचं ऐकत बसायची. दिवसभर ती त्या पाच मिनिटांवर जगायची, यात काही अतिशयोक्ती नाही.

मालिकेला मात्र ती उघड उघड नावं ठेवायची, तीही कॅमेऱ्यासमोर. पुठ्ठ्याची यानं, रबराची भुतं, सुरुवातीला दोन मिनिटं वाजत राहणारी पिपाणी, आणि भिंतीला हात लागला की भिंत हलते, असं म्हणून ती शांतपणे काकडी चिरायला घ्यायची. लोकांना ते फार आवडायचं. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. साडेसहाला मालिका सुरू व्हायची तेव्हा अर्डिस स्टुडिओतल्या छोट्या पडद्यासमोर स्टूल ओढून बसलेली असायची, आणि सहा वर्षांत तिचा एक भाग चुकला नव्हता.

चौऱ्याऐंशी साली ब्रिटिशांनी त्या मालिकेला एक पिल्लू काढलं. मूळ मालिकेत टपालावर शिक्के मारणारी मिस पेंगेली लोकांना इतकी आवडली, की तिला कुठल्याशा चंद्रावरचं स्वतःचं टपाल कार्यालय आणि स्वतःची मालिका मिळाली. ड्वेननं तीही घेतली. पण तोवर त्याच्या कानावर आलं होतं, की इतर वाहिन्या चार-चार भाग सलग लावून रविवारचा सिनेमा करतात आणि लोक टीव्हीसमोरून हलत नाहीत. रोजची साडेसहाची वेळ मग पक्ष्यांवरच्या एका कार्यक्रमाला गेली. तो नेमका अर्ध्या तासाचा होता.

गुरुवारी ड्वेननं अर्डिसला हे सांगितलं, ते स्वतःच्या बुटांकडे बघत. लोकांना आता सलग हवंय, असं काहीतरी तो पुटपुटला. बरं, एवढंच ती म्हणाली. शुक्रवारी तिनं बिटाचं लोणचं दाखवलं आणि रोजच्यासारखाच निरोप घेतला. घरी जाऊन मात्र ती नळ चालू ठेवून बराच वेळ मोरीपाशी उभी राहिली.

रविवारी दोन वाजता ती स्टुडिओत आली, आपली पातेली न्यायला. पातेली सोमवारीही नेता आली असती. पण मिस पेंगेली दोनला लागणार होती, आणि हट्ट म्हणा की खोड, ती बघायची तिला त्या स्टुलावर बसूनच.

तीन भाग छान झाले. तिसऱ्याच्या शेवटी मिस पेंगेली टपाल कार्यालयात एकटी सापडली होती. बाहेर काहीतरी प्रचंड मोठं दारावर धडका देत होतं. टेबलावर पत्ता नसलेलं एक पार्सल होतं आणि ते पार्सल श्वास घेत होतं. मिस पेंगेलीनं कात्री उचलून दोरी कापली, आणि भाग संपला.

चौथी टेप लावली तर पडद्यावर नुसत्या करड्या रेघा धावायला लागल्या. ब्रिटिशांच्या टेपा अमेरिकेतल्या यंत्रावर चालत नाहीत, आधी त्या इकडच्या पद्धतीत उतरवून घ्याव्या लागतात. पहिल्या तीन तशा उतरवून आल्या होत्या, चौथी आली होती जशीच्या तशी. टेपा शनिवारी पोचल्या होत्या आणि ड्वेननं फक्त पहिली लावून बघितली होती. आता तो दिसेल ते बटण दाबत सुटला, आणि बाहेर चारही फोन एकदम वाजायला लागले.

तेवढ्यात त्याला काखेत दोन पातेली घेतलेली अर्डिस दिसली.

“मिसेस थोर्सगार्ड, पंचवीस मिनिटं भरून द्या,” तो म्हणाला. “काहीही दाखवा. काकड्या दाखवा.”

“अरे, बाहेर धडका चालल्यात आणि मी काकड्या दाखवू? फोडून काढतील तुला.”

“मग काय करू मी?”

“तू गप बस. त्यात काय होतं ते मी सांगते.”

“पण तो भाग तुम्ही बघितलाय कुठं?”

“बाईला सहा वर्षं ओळखते मी,” अर्डिस म्हणाली. “ती काय करेल ते मला कळत नाही होय?”

आणि ती कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली. टेप बिघडली आहे आणि पुढची गोष्ट आपण सांगणार आहोत, एवढं सांगून तिनं सुरुवात केली. मिस पेंगेलीनं कागद बाजूला केला, तर आत एक पिल्लू. ओलं, थरथरणारं, चार दिवसांचंही नसेल. कुणीतरी ते चोरून विकायला पाठवलं होतं. मिस पेंगेलीनं आपला कोट काढून त्याला गुंडाळलं, दूध कोमट करून त्यात बोट बुडवलं आणि ते बोट त्याच्या तोंडात दिलं. पिल्लू चोखायला लागलं तशा बाहेरच्या धडका थांबल्या, आणि दाराबाहेरून हंबरल्यासारखा आवाज आला. तेव्हा मिस पेंगेलीच्या ध्यानात आलं, की बाहेर आहे ते भूतबीत नाही, याची आई आहे.

 त्या जिल्ह्यात वासरू तोडलेल्या गाईचा आवाज ऐकला नाही असं एकही घर नव्हतं. कधीतरी फोन वाजायचे थांबले होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मिस पेंगेली भीत भीत दाराशी गेली, कडी काढायला तिनं किती वेळ लावला, दार उघडल्यावर त्या अजस्र जनावरानं आधी पिल्लू चाटलं आणि मग मिस पेंगेलीची टोपी, हे सगळं अर्डिसनं अगदी निवांतपणे सांगितलं. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा ड्वेन डोळे पुसत होता आणि पुढचा कार्यक्रम सुरू करायचं विसरला होता.

पुढच्या रविवारी खरा चौथा भाग लागला. त्यात मिस पेंगेली पार्सल खिडकीतून फेकते, त्याचा स्फोट होतो, बाहेरचं भूत मरतं आणि सगळे चहा पितात.

शेवटची नावं पडद्यावर सरकत होती तेव्हाच फोन खणखणायला लागले. ब्रिटिशांनी शेवट नासवला, अशी सगळ्यांची एकमुखी तक्रार. एका बाईनं विचारलं की अशी निर्दय माणसं पोस्टात कशी घेतात. तीन जणांनी वर्गणी बंद करायची धमकी दिली. ड्वेन प्रत्येकाला समजावत होता की बाबांनो, हाच खरा शेवट आहे, मागच्या रविवारचा आमच्या मिसेस थोर्सगार्डनी मनानं रचला होता. कुणी ऐकेना.

शेवटचा फोन आला बाल्डस नावाच्या म्हाताऱ्याचा. साठ गाई, आणि वर्षात चार वाक्यं बोलणारा माणूस.

“बाईंना द्या,” तो म्हणाला.

अर्डिसनं फोन घेतला.

“ते पिल्लू,” बाल्डस म्हणाला. “धरलं ना त्यानं आईचं थान?”

“धरलं,” अर्डिस म्हणाली. “पहिल्या दिवशी जरा त्रास दिला. मग धरलं.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

अर्डिस वळली तर ड्वेन हातात वेळापत्रक आणि पेन्सिल घेऊन उभा होता. पक्ष्यांचा कार्यक्रम त्यानं खोडला होता. उद्यापासून साडेसहाला रोज एकच भाग, असं म्हणत त्यानं पुन्हा बुटांकडे बघितलं आणि विचारलं, की पाच मिनिटं पुरतील का.

“त्यांची ती सुरुवातीची पिपाणी काप,” अर्डिस म्हणाली. “सात होतील.”