तीन काट्यांची एकी

मी साबणाच्या कारखान्यातल्या बॉयलरवरचा दाबाचा स्विच बोलतोय. चेहरा घड्याळासारखा, काटा मात्र एकच. वाफेचा दाब लाल रेघेला टेकला की भट्टीचा जाळ तोडायचा, एवढीच माझी नोकरी.

सुरुवातीला मी एकटाच होतो आणि, खरं सांगतो, भित्रा होतो. पंप जरा थरथरला की जाळ बंद! कढईत साबण थिजायचा, मालक डोक्याला हात लावायचे. शेवटी वैतागून बॉयलर सांभाळणाऱ्या काकांनी माझी कळ तारेने बांधूनच टाकली, म्हणजे जाळ तुटायलाच नको.

मालकांच्या मुलीने ते पाहिलं. "बाबा, याला जोडीला दोन भाऊ आणू. तिघांपैकी दोघं ओरडले तरच जाळ तुटेल."

"एकाचे तीन? दुकान थाटायचंय का?" मालक कुरकुरले, पण आणले. माझी तारही सुटली.

मग काय, सुखच! एक घाबरला तर बाकीचे दोघं त्याला सांभाळून घेत. आमचे काटे मात्र कधी जुळले नाहीत. मी थोडा पुढे, धाकटा मागे, मधल्याची सदा चुळबुळ.

दर महिन्याला फिटरमामा आमची परीक्षा घ्यायचे. आमच्यापर्यंत वाफ आणणारी बारीक तोटी, म्हणजे कॉक, बंद करायचा, हातपंपाने दाब देऊन बघायचं, कॉक पुन्हा उघडायचा. मामा घाईचे, तिघांचं एका दमात उरकायचे. एकदा परीक्षा संपते न संपते तोच फोन आला, मामांना नात झाली! मामा तसेच पळाले. तिन्ही कॉक बंदच. हातपंपाने शेवटी सोडलं त्या एकाच आकड्यावर, लाल रेघेच्या अलीकडे, आम्ही तिघं बहिरे होऊन उभे. त्यात कढया रिकाम्या, वाफ ओढायला कुणी नाही. दाब चढतोय आणि समोर स्टुलावर काका!

काकांनी वर पाहिलं. "हे तिघं आज एका आकड्यावर? सख्खे भाऊ कधी इतके शहाण्यासारखे वागतात होय?"

त्यांनी हातानेच जाळ तोडला. मग कॉक उघडले, तर तिन्ही काटे टुणकन लाल रेघेपार!

"आता रोज तपासा!" मालक घाम पुसत म्हणाले.

"रोज पिळून कॉकच झिजतील, बाबा. महिन्यानेच, पण प्रत्येकाचा आठवडा वेगळा. मामांनी कॉक उघडायचा, काकांनी बघायचा."

मामा फुगले. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे हो," काका म्हणाले, "पण आजोबा व्हायची हौस मलाही आहे."

आता माझी स्प्रिंग सैल झालीय. लवकरच माझ्या जागी नवा येईल. जाता जाता एवढंच सांगतो. तुमच्याकडे सगळे एका सुरात 'ठीक आहे' म्हणू लागले, तर निवांत बसू नका. आधी जाळ तोडा, मग कॉक बघा.