बाडसाचं वळण

रविवारी दुपारी शेजारच्या रामरावाची बायको सत्यभामावहिनी झाकलेलं पातेलं घेऊन दारात आली की पुंडलिकचं जेवणावरचं मन उडायचं. पातेल्यात बाडसाचा रस्सा असायचा. बाडस म्हणजे सोनेरी खवल्यांचा, ताकदीचा मासा. नर्मदेच्या आणि तिला मिळणाऱ्या गौर नदीच्या वाहत्या पाण्यातला.

"रामराव भाऊजींच्या हाताला यश आहे बाई," पुंडलिकची बायको इंदिरा त्याला वाढता वाढता म्हणायची. तिच्या मनात काही नसायचं. पण पुंडलिकनंही सकाळभर त्याच गौरेवर गळ टाकलेला असायचा आणि चुलीपाशी त्याच्या चार काळ्या सिंग्या, गाळातले मासे, पडलेल्या असायच्या.

साल त्रेचाळीस. लढाईमुळे कारखान्यात दोन-दोन पाळ्या चालत. पुंडलिक आणि रामराव एकाच बाकावर फिटर होते, क्वार्टरही भिंतीला भिंत लागून. पुंडलिक सात वर्षं जुना. रामराव भंडाऱ्याकडून परवापरवा आलेला, वैनगंगेकाठच्या मासे धरणाऱ्या ढिवराचा मुलगा. तरी साहेबापासून चपराशापर्यंत सगळे मासे कुठं लागतात ते रामरावालाच विचारत.

आणि तो लपवायचाही नाही.

"पुंडलिकभाऊ, तुम्ही मासा शोधून राहिले. मी तळ पाहतो," तो एकदा म्हणाला. "तुमच्या डोहात गाळ आहे, थांबलेलं पाणी आहे. तिथं सिंगीच राहणार. बाडसाला खळखळतं पाणी लागते, खाली गोल खडे लागतात. त्या खड्यांतच तो अंडी टाकते. चला न माझ्यासंग गौरेच्या वळणावर."

"पाहू," पुंडलिक म्हणाला. कालच्या माणसानं बोट धरून नदी दाखवावी, हे त्याला सोसेना. तो गेला नाही.

पौषात ठेकेदाराचा मुनशी कारखान्याच्या फाटकाशी भेटला. नव्या शेडच्या पायासाठी त्याला गिट्टी, म्हणजे खडी, हवी होती. "भैया, आसपास अच्छी गोल गिट्टी कहाँ मिलेगी?"

पुंडलिकनं क्षणभरही विचार केला नाही. "गौर के मोड़ पर. जितनी चाहिए उतनी."

आठवड्यात बैलगाड्या लागल्या. मजुरांनी फावड्यांनी नदीचा तळ खरवडला. खडे गेले, खळखळ गेली, खड्ड्यांत पाणी साचलं आणि माती बसत गेली. रविवार आला, पण शेजारून पातेलं आलं नाही. पुंडलिक त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला. पुढच्याही रविवारी आलं नाही.

होळीच्या सुमारास तो मुद्दाम वळणावर गेला. रामरावाची फजिती त्याला डोळ्यांनी पाहायची होती. रामराव गुडघाभर पाण्यात उभा होता. त्यानं तळातून मूठ भरून वर काढली. बोटांतून नुसता चिखल गळला.

"एक बाडस नाही राहिला," तो म्हणाला. "सिंग्या आल्या. हे पाणी आता त्यांचं." त्याचा आवाज घरात कुणी गेल्यासारखा होता.

पुंडलिकच्या तोंडून निघून गेलं, "मुनशीला मीच सांगितलं होतं."

"काहून?"

"तुमच्या घरचं पातेलं माझ्या घरी येत होतं म्हणून."

रामरावानं दोरी गुंडाळली आणि तो चढण चढून गेला. त्यानंतर पावसाळाभर दोघं एका बाकावर काम करत होते, पण पान्हा मागण्यापलीकडे रामराव बोलला नाही. पुंडलिकच्या गळाला मात्र सिंग्या लागतच राहिल्या. इंदिरा कंटाळून म्हणाली, "आता पुरे करा हे."

कार्तिकात मुनशी परत आला. "सुना है, ऊपर एक मोड़ और है?"

होता. मैलभर वर, जांभळीखाली, तसेच खडे, तसंच धावतं पाणी. पुंडलिकनं हल्लीच तो हेरला होता, स्वतःसाठी.

"वहाँ तो दलदल है," तो म्हणाला. "गाड़ी फँस जाएगी." मुनशी खडी शोधत पनागर गावाच्या रस्त्याला लागला.

पुढच्या रविवारी पुंडलिक गळ घेऊन जांभळीपाशी पोचला, तर रामराव आधीच तिथं उभा. तळ पाहत पाहत तोही वर आला होता. दोरी ताणलेली, आणि पाण्यातून सोनेरी पाठ उसळली. पुंडलिकच्या मनात तीच आग पुन्हा पेटली, रतीभर कमी नाही. दोष द्यायलाही या वेळी कुणी नव्हतं. हा मासा त्यानंच नकळत त्या माणसासाठी राखला होता.

रामरावानं त्याला पाहिलं. बोलावलं नाही, हाकललंही नाही. पुंडलिक दहा पावलं खाली खडकावर बसला आणि गळाला लावायची कणकेची गोळी मळू लागला.