जिवंत मरहूमाच्या नावाचे पाणी

मित्रांनो, माझ्या कपाळावर एका मेलेल्या माणसाचे नाव कोरलेले आहे आणि तोच माणूस रोज सकाळी साडेनऊला येऊन माझे पाणी पीत आला आहे. मी एक जुना पाण्याचा कूलर आहे. अलेक्झांड्रियात, ट्रामच्या रस्त्याला लागून असलेल्या मोठ्या इस्पितळाच्या फाटकात मी एकोणीस वर्षे उभा होतो. तीन नळ, साखळीने बांधलेला एक पेला आणि पोटात गारेगार पाणी, एवढाच माझा संसार. पण परवा जे घडले ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अजूनही माझा पत्रा थरथरतो आहे!

माझा जन्म बंदराजवळच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला घासून असे चकचकीत केले की येणारेजाणारे माझ्यात बघून मिशा नीट करायचे. मला बनवून घेतले होते नबवियाबाईंनी. त्या मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवत. त्यांचे वडील हाजी शहाता ट्राम चालवायचे. त्यांची किडनी बिघडली, मोठे ऑपरेशन ठरले, डॉक्टरांचे चेहरे पडलेले होते. तेव्हा नबवियाबाई याच फाटकात उभ्या राहून नवस बोलल्या, "बाबा स्वतःच्या पायांनी बाहेर आले, तर इथे गार पाणी ठेवीन."

बाबा आले. स्वतःच्या पायांनी तर आलेच, वर गेटावरच्या चहावाल्याशी भांडूनही आले. नवस फेडायला म्हणून माझी ऑर्डर गेली.

आता गंमत ऐका. आमच्याकडे असे पाणी बहुतेक करून गेलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात. पिणारा त्याच्यासाठी फातिहाची प्रार्थना पढतो आणि पुढे जातो. माझी पाटी कोरणाऱ्या बुवांनी जन्मभर मयतांच्याच पाट्या कोरलेल्या. कूलर समोर आला की त्यांचा हात आपोआप चालायचा. त्यांनी झोकात कोरले, 'मरहूम शहाता अब्दुस्समीअ यांच्या आत्म्यासाठी'. मरहूम म्हणजे कैलासवासी!

फाटकात माझ्यावरची चादर काढली आणि नबवियाबाई किंचाळल्याच.

"बाबा! मरहूम लिहिलंय! तुम्हाला! काढा ती पाटी, आत्ताच्या आत्ता काढा!"

हाजी पाटीपाशी वाकले, चष्मा लावून वाचले आणि पोट धरून हसत सुटले.

"राहू दे गं. मेल्यावर लोक चार दिवस आठवण काढतात. इथे मला जिवंतपणीच रोज शेकडो दुआ मिळणार. असला फायदा कोण सोडतो?"

पाटी राहिली. पण नबवियाबाईंच्या मनात जी भीती बसली ती बसलीच. कशी कोण जाणे, त्यांनी एक खूणगाठ बांधली की जोवर हे पाणी वाहते आहे तोवर ते अक्षर नुसते अक्षर राहील, आणि नळ बंद पडला की ते खरे होईल. एकोणीस वर्षे त्या रोज फाटकावरच्या पहारेकऱ्याला फोन करून विचारत, "पाणी चालू आहे ना?" माझी जाळी त्या स्वतः बदलत. मोटर जराशी कुरकुरली तरी दुपारच्या आत मिस्त्री हजर असे. मित्रांनो, इतका जीव कुठल्या कूलरला कुणी लावला नसेल. पण तो जीव माझ्यावर नव्हता, हे मला ठाऊक होते.

ती वर्षे मी फार आनंदात काढली. मुलगा झाला म्हणून धावत सुटलेले बाप माझ्यापाशी थांबले, रिपोर्ट हातात घेऊन थिजलेल्या बायका थांबल्या. कुणी पाणी पिऊन माझ्या पत्र्यावर थाप मारी. कुणी नळाला च्युइंगम चिकटवी, कुणी पाय धुई, कुणी पेला साखळीला लोंबकळत सोडून जाई. चालायचेच.

मग यंदा इस्पितळ नवे करायचे ठरले. जुन्या बैठ्या इमारती पाडायला यंत्रे आली आणि माझ्या डोळ्यांसमोर आकाश केवढे मोठे झाले! पिवळी क्रेन उभी राहिली. दिवसभर धडधड, धूळ, शिट्ट्या, आरोळ्या. मला तर जत्रेत असल्यासारखे वाटे. दोनशे मजूर माझ्याच नळांवर यायचे. समोर फळ्यावर नवा नकाशा लावला होता: आठ मजले, वर हेलिकॉप्टर उतरायची जागा, तळाशी किडनीचा मोठा विभाग. मी तो नकाशा रोज बघत असे. त्यात झाडे होती, बाके होती, सायकलींचीसुद्धा जागा होती. मी नव्हतो. पुष्कळ शोधले. नव्हतो.

परवा पायाचे काँक्रीट ओतायचे होते. काँक्रीटचे बारा ट्रक मागच्या गल्लीतून यायचे ठरले होते. पण त्या गल्लीतले म्हातारे औषधवाले पहाटे वारले आणि त्यांच्या घरच्यांनी संध्याकाळच्या मातमाच्या बैठकीसाठी सकाळीच रस्ताभर तंबू ठोकला. मयताचा तंबू हलवा असे म्हणणारा माणूस आमच्या शहरात अजून जन्मला नाही. ट्रक वळसा घालून माझ्या फाटकाशी येऊन थांबले, पोटे गरागरा फिरवत. फाटक अरुंद होते. बाजूची भिंत पाडली तरच ते आत येणार होते, आणि त्या भिंतीला मी बोल्टांनी पक्का बांधलेला होतो.

कामाच्या मुख्य इंजिनियर नर्मीनबाई घामाघूम होऊन आल्या. "काढा हा कूलर!"

कुणी हलले नाही. एक मजूर डोके खाजवत म्हणाला, "बाई, मयताचं पाणी आहे. वारसाला न विचारता तोडायचं म्हणजे त्याचं पुण्य तोडल्यासारखं. उद्या मला याच इमारतीच्या आठव्या मजल्यावर चढायचंय."

"एक मयत मागे आडवा, एक पुढे," मुकादम बरसूम हळूच म्हणाला. "आज इस्पितळाचं काही खरं नाही."

"चेष्टा पुरे, बरसूम! ट्रकातलं काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. दीड तासात ओतलं नाही तर मला आठ मजल्यांऐवजी बारा दगडी पिंपं मिळतील. शोधा वारस!"

पहारेकरी नवा होता, त्याच सकाळी कामावर लागलेला. त्याच्याकडे जुन्याने दिलेला एक नंबर तेवढा होता: पाणी बंद पडले तर इथे कळवा. त्याने फोन लावला आणि पलीकडून नबवियाबाईंचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. "नळाला हात लावाल तर खबरदार! मी निघाले!" फोन बंद. नबवियाबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. तिथून यायला दीड तास सहज लागतो.

इतक्यात साडेनऊ झाले आणि नेहमीप्रमाणे हाजी शहाता काठी टेकत आले. वय एक्क्याऐंशी. गर्दीतून वाट काढून त्यांनी पेला भरला.

"काय रे, आज लग्न आहे का इथे?"

"काका, पाणी प्या आणि बाजूला व्हा," बरसूम म्हणाला. "आम्ही या मरहूमाचा वारस शोधतोय."

"वारस कशाला हवा? मी आहे ना."

"तुम्ही वारस?"

"नाही रे. मरहूम."

हाजींनी खिशातून ओळखपत्र काढून पाटीशेजारी धरले. लोक एकदा पाटी वाचत, एकदा ओळखपत्र, एकदा हाजींना वरपासून खालपर्यंत बघत.

"अहो, मी ख्रिस्ती माणूस," बरसूम कळवळून म्हणाला. "दोन महिने मी रोज छातीवर क्रूसाची खूण करून तुमच्या आत्म्याला शांती मागतोय!"

"म्हणूनच हल्ली झोप छान लागते बघ."

सगळे खो खो हसले. नर्मीनबाई मात्र हसल्या नाहीत. त्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "हाजी, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. नव्या नकाशात या कूलरला जागा नाही. मीच काढलाय तो नकाशा. माझ्या ध्यानातच आलं नाही."

हाजींनी फळ्याकडे पाहिले. "किडनीवाल्यांचं रक्त साफ करायची यंत्रं किती येणार?"

"चाळीस."

"माझ्या वेळी चार होती. लोक पायऱ्यांवर बसून नंबराची वाट बघायचे. सगळ्यांचा नंबर लागला नाही, पोरी." त्यांनी काठीने ट्रकांकडे खूण केली. "ट्रक आत घे. जागेचं मागाहून बघू."

आणि त्यांनी माझ्यामागच्या चावीला हात घातला. मला सांगायला लाज वाटत नाही, मी घाबरलो. नबवियाबाईंची भीती एकोणीस वर्षांत माझ्यातही मुरली होती. हाजींचा हातही जरासा थांबला. मग "बिस्मिल्ला" म्हणून त्यांनी चावी फिरवली. माझा तिसरा नळ दोनदा ठिबकला आणि कोरडा पडला. सारे जण त्यांच्याकडे टक लावून बघत होते. हाजींनी छातीवर हात ठेवून बघितला.

"चालू आहे," ते म्हणाले.

मग काय विचारता! आठ जणांनी मला उचलले, झाडाखाली ठेवले, भिंत कोसळली आणि पहिला ट्रक आत शिरला. राखाडी काँक्रीट धबाधबा खड्ड्यात पडू लागले. अजून उभ्या असलेल्या इमारतीतल्या रुग्णांच्या खिडक्यांतून बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. माझ्यापासून दहा हातांवर नवे इस्पितळ जन्माला येत होते आणि मी ते बघत होतो!

पण ऊन चढले. मजुरांचे ओठ सुकले. ते सवयीने माझ्याकडे वळायचे आणि रिकामे परत जायचे. मी कोरडा ठणठणीत. आयुष्यात पहिल्यांदा तहानलेल्यांसमोर मी नुसता पत्रा होतो. फार वाईट वाटले.

हाजींनी ते पाहिले. मशिदीच्या नळावरून एकाला बादली भरून आणायला लावली, चहावाल्याकडून बर्फ मागून आणला, माझा पेला साखळीतून सोडवला आणि काठी माझ्या अंगाला टेकवून ठेवली. "आज कूलर मीच!" असे ओरडत ते प्रत्येक माणसापाशी गेले. शर्टाच्या बाह्या चिंब, दाढीवर सिमेंट. ट्रक चालवणाऱ्यालासुद्धा खिडकीतून पाणी दिले.

अकराच्या सुमारास नबवियाबाई टॅक्सीतून उतरल्या. जिथे मी असायचो तिथे भगदाड दिसले आणि त्यांच्या हातातली पर्स खाली पडली. "बाबा!" त्या धुळीतून धावत सुटल्या.

हाजींनी वळून पेला पुढे केला. "आधी पाणी पी. ऊन बघ केवढं आहे."

"नळ बंद केला ना त्यांनी?"

"मी केला. दीड तास झाला. बघ, उभा आहे."

नबवियाबाई ते पाणी घटाघटा प्यायल्या. मग त्या बापाच्या ओल्या खांद्यावर डोके ठेवून मोठ्याने रडल्या, मुठी मारत रडल्या. एकोणीस वर्षांचे रडणे होते ते. मलाही भरून आले. मग त्यांनी डोळे पुसले आणि बादली हिसकावून घेतली. "बसा तिकडे सावलीत! वय काय तुमचं!" आणि त्या स्वतः पाणी वाटायला निघाल्या.

बारावा ट्रक रिकामा झाला तेव्हा नर्मीनबाई फळ्यापाशी गेल्या. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि किडनीच्या विभागाच्या दाराशी एक छोटा चौकोन काढला. तो मी आहे, मित्रांनो! मी!

"पाटी मात्र नवी करू," त्या नबवियाबाईंना म्हणाल्या. "बरोबर मजकुराची."

नबवियाबाई सावलीत बसलेल्या बापाकडे बघून हसल्या. "नको. तीच लावा. नळ तेवढे चार करा."

आता मी ताडपत्रीखाली कोरडा पडून आहे आणि एक एक मजला वर चढायची वाट बघतो आहे. मला वाटायचे पाणी माझे आहे. ते माझे नव्हते. ते कुणीतरी तहानलेल्याकडे बघितले म्हणून होते. तेव्हा कुठल्या फाटकात माझ्यासारखा कुणी दिसला तर नळ नीट बंद करा, पेला धुऊन उलटा ठेवा आणि पाटीवरच्या नावासाठी दोन चांगले शब्द म्हणा. तो माणूस कदाचित तुमच्या मागेच रांगेत उभा असेल.