धोळीचा शिरा

धोळीला कुठं ठेवून आलात?

हा माझा प्रश्न. तो मी नटुभाईला विचारला, चंचळबांना विचारला, रिक्षावाल्याला विचारला, दवाखान्याच्या फाटकावरच्या माणसालाही विचारला. उत्तर कोणी दिलं नाही. मी विचारायला तोंड उघडलं की माणसं भाकरीचा तुकडा फेकतात. कुत्रा भुंकतोय म्हणजे भूक लागली असणार! आमची एवढी एकच गोष्ट माणसांना कळते, आणि तीही धड कळत नाही.

मी काळियो बोलतोय. सध्या नदीपलीकडच्या भाजीबाजारात, एका मोडक्या हातगाडीखाली असतो. माझं शिक्षण म्हणाल तर म्युनिसिपालटीच्या शाळेच्या पायरीवर झोप काढली, तेवढंच. आतून पाढे ऐकू यायचे. मी दोनाच्या पुढे कधी गेलो नाही. मला दोन पुरत होते. मी आणि माझी बहीण धोळी.

आमचा जन्म जुन्या अहमदाबादेतल्या एका अरुंद गल्लीत, कबुतरांना दाणे टाकायच्या चबुतऱ्याखाली झाला. बाकीची भावंडं टिकली नाहीत. कोणी स्कूटरखाली गेलं, कोणी खोकून खोकून. आई एक दिवस कापडबाजाराकडे गेली ती परत आलीच नाही. चंचळबा रोज सकाळी अंघोळ करून चबुतऱ्यावर ज्वारी टाकायला यायच्या. त्यांनी आम्हाला पदरात घेतलं आणि घरी नेऊन मुलापुढे ठेवलं.

"बा, हे काय आणलंस?" नटुभाई म्हणाला.

"तुला भाऊबहीण नव्हते ना, ते आणले."

नटुभाईचा घरीच खाकरे भाजायचा धंदा. तव्यावर फुटलेला प्रत्येक खाकरा आमचा. धोळी नेहमी मोठा तुकडा उचलायची आणि अर्धा माझ्यापुढे टाकायची. मी तापट. येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जायचो. ती माझ्या मानेला हलकेच दात लावून मला मागे ओढायची. आता मला मागे ओढणारं कोणी नाही. त्यामुळे काय झालं, ते पुढे येईलच.

आमच्या गल्लीत एक चाल आहे. कुत्री व्यायली की मुलं पातेलं घेऊन दारोदार फिरतात. एका घरातून कणीक, दुसऱ्यातून गूळ, तिसऱ्यातून तूप. मग कोणातरी म्हातारीच्या ओट्यावर कढई चढते आणि कणकेचा शिरा होतो. बाळंतिणीला माणसाच्या बाळंतिणीसारखा शिरा. धोळी पहिल्यांदा व्यायली तेव्हा चंचळबांनी स्वतः ढवळला. तुपाचा वास चबुतऱ्यापर्यंत गेला. मी जवळ गेलो तर कालथा नाकावर बसला.

"हो बाजूला! शिरा बाईच्या जातीचा. तू काय व्यायलास का?"

सगळे हसले. धोळीने माझ्यासाठी थोडा ठेवला होता, पण बांनी भांडं उचललं. मी वास घेऊन परत आलो.

शिरा खाऊन वाढवलेली ती पिल्लं पुढे कुठे गेली, हे मात्र त्या पातेलंवाल्यांना विचारू नका. एक रिक्षाखाली. दोन गटारात. एक पोत्यात घालून कोणीतरी नेलं. धोळी कितीतरी दिवस तोंडात चिंधी धरून गल्लीभर फिरत होती, त्या चिंधीलाच पिल्लू समजून चाटत होती. मग ती पुन्हा व्यायली. पुन्हा पातेलं, पुन्हा शिरा, पुन्हा चिंधी.

समोरचे रजनीकाका एकदा ओट्यावरूनच ओरडले, "नटु, तुझ्या धोळीने अर्धी गल्ली भरून टाकली. ठेवायला नावंसुद्धा संपली."

"मग एकाला तुमचं ठेवतो, काका. तेवढाच वंश वाढेल."

"चेष्टा पुरे. तो स्वस्तातला दवाखाना आहे ना, ट्रस्टचा? दोघांचं ऑपरेशन एकदम करून टाक."

नटुभाईला ते पटलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू? धोळीच्या तोंडातली ती चिंधी मला बघवत नव्हती.

दवाखान्यातून एकच गोष्ट बजावून सांगितली होती. आदल्या रात्रीपासून पोटात काही जाता कामा नये. नटुभाईने घरात सगळ्यांना सांगितलं. आमच्या थाळ्या फळीवर चढल्या. चंचळबा ओट्यावर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या.

"उपाशी न्यायचं म्हणे! मुक्या जिवाला उपाशी घराबाहेर काढायचं, आणि वर त्याला दवाखाना म्हणायचं."

"बा, डॉक्टरनी सांगितलंय."

"डॉक्टरला कोणी उपाशी पाठवलं होतं का कधी?"

पहाटे मला जाग आली ती तुपाच्या वासाने. मला जिन्याच्या कठड्याला बांधलं होतं. धोळी ओट्यावर होती आणि चंचळबा तिच्यापुढे पितळेची वाटी धरून बसल्या होत्या. शिऱ्यावरून वाफ निघत होती.

"खा, दीकरी," बा म्हणत होत्या. त्यांच्याकडे लाडक्या लेकीला तसंच म्हणतात. "आज तुझी कूस बंद करणार हे लोक. यापुढे तुझ्यासाठी कोण पातेलं घेऊन फिरणार? बाळंतिणीचा शिरा हा शेवटचा. पोटभर खा. नटुला सांगू नकोस हं."

बोलता बोलता त्या रडत होत्या. धोळीने आधी त्यांचे डोळे चाटले, मग वाटी. मी दोरीला हिसके दिले. तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की मलाही हवा. बांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदराने वाटी पुसली.

दवाखान्यात गर्दी होती. मांडीवर मांजरं, पाटीत मांजरं, साखळीला कुत्रे. स्पिरिटचा वास नाकात बसत होता. एक बारीकशी डॉक्टरीणबाई प्रत्येकाजवळ येऊन तेच विचारत होती.

"काही खायला दिलं नाही ना?"

"कालपासून पाण्याशिवाय काही नाही, बेन," नटुभाईने सांगितलं. त्याच्या परीने तो खरंच बोलत होता.

"नक्की ना? पोट भरलेलं असेल तर भुलीत उलटी होते आणि ती श्वासात जाते. मग आमच्या हातात काही राहत नाही. खाल्लं असेल तर आत्ता सांगा, उद्या करू. त्यात लाज कसली?"

उद्या करू. इतकं सोपं होतं.

धोळी माझ्या शेजारच्या पिंजऱ्यात होती. तिच्या मिशांना अजून तूप होतं. मी ओरडलो. हिने खाल्लंय, हिला आज नको, असं जीव तोडून ओरडलो. जाळीला धडका दिल्या, तोंडातून रक्त आलं. धोळीने जाळीतून नाक घालून मला गप्प करायला पाहिलं.

डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हा फारच घाबरलाय. बाकीचे बिथरतील. याला आधी घ्या."

मी तिला वाचवायला ओरडलो, आणि त्याच ओरडण्यापायी मला तिच्याजवळून उचलून नेलं.

शुद्धीवर आलो तेव्हा शेजारचा पिंजरा उघडा होता. आतली चादर ओली होती. दाराशी डॉक्टरीणबाई नटुभाईपुढे उभी होती.

"पोट गच्च भरलेलं होतं तिचं. कोणी दिलं?"

"आमच्या घरात कोणी नाही देणार."

"कणीक होती, नटुभाई. तूप होतं."

नटुभाईला कळलं. त्याची मान ज्या तऱ्हेने खाली गेली, त्यावरून मलाही कळलं की त्याला कळलंय. पण घरी आल्यावर तो काय म्हणाला, ऐका.

"स्वस्तातला दवाखाना, बा. शिकाऊ लोक. मारली त्यांनी."

म्हातारीला दुःख नको म्हणून तो खोटं बोलला. आपल्या माणसावर केलेली माया म्हणतात ती हीच. रजनीकाकांनी मान डोलावली, "स्वस्तात मिळतं ते असंच." गल्लीभर बोभाटा झाला. ज्यांच्या मनात आपल्या कुत्रीमांजरीला नेण्याचं होतं, त्यांनी बेत रद्द केले. आणि चंचळबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एक बरं झालं, काळिया. माझी दीकरी उपाशी नाही गेली."

मी उपाशी होतो म्हणून वाचलो. ती लाडकी होती म्हणून गेली. हे मी कोणाला सांगू?

माझे टाके सुकले. गल्लीत पुन्हा पिल्लं झाली, पुन्हा चिरडली. शेवटी कोपऱ्यावरच्या फाल्गुनीबेनने ठरवलं, कोणी काही म्हणो, आपल्या बदामी कुत्रीचं ऑपरेशन करायचंच. चंचळबांनी ते ऐकलं आणि कणकेचा डबा काढला. नटुभाई तिथेच खाकरे भाजत होता. त्याने डबा पाहिला. त्याने तोंड उघडलं, आईकडे पाहिलं, आणि तव्यावरचा खाकरा उलटला.

आज गल्लीत म्हणतात, काळियो पिसाळला. ज्या हाताने वाढवलं त्यालाच चावला. मला नदीपलीकडे आणून सोडलं ते नटुभाईनेच. जाताना त्याने माझ्यापुढे अख्खा खाकरा ठेवला. माझ्याकडे पाहायचं मात्र त्याने टाळलं. बदामी ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी आपल्या पायांनी चालत घरी आली, हे मी पाहिलंय. तेव्हा मी चबुतऱ्याला बांधलेला होतो आणि पाठीवर काठीचे वळ होते. ती का जगली, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. एकाला ठाऊक आहे, पण तो बोलणार नाही.

तुम्हाला एक हात जोडून सांगणं आहे. आम्हाला खुशाल न्या त्या दवाखान्यात. पण त्या एका सकाळी आमच्यावर प्रेम करू नका. आमच्याकडे पाठ फिरवा, थाळी लपवा, आम्ही कितीही केविलवाणं पाहिलं तरी दगड व्हा.

बदामीला न्यायचं होतं त्या सकाळी चंचळबा फाल्गुनीबेनच्या ओट्यावर बसल्या होत्या. तीच पितळेची वाटी, तीच वाफ. "खा, दीकरी, शेवटचा आहे," त्या म्हणाल्या, आणि बदामीने मान पुढे केली.

मी गल्लीच्या टोकापासून धावत आलो. आधी वाटीवर उडी मारली, पण म्हातारीची पकड सुटेना. "अरे काळिया, तुला देते, नंतर देते!" त्या ओरडत होत्या. मग मी त्यांच्या मनगटाला दात लावले. धोळी माझ्या मानेला लावायची तसे लावायला गेलो, पण मला तिच्याइतकं हलकं जमलं नाही. वाटी दगडावर आपटली. बदामी पुढे झाली, तिला मी गुरगुरून मागे रेटलं. पाठीत काठी बसली, पुन्हा बसली. मी हललो नाही. जन्मात कधी तोंडात पडला नव्हता तो शिरा मी खाल्ला. मातीसकट खाल्ला, फरशीच्या फटीतला जिभेने ओढून काढला, बदामीच्या नाकाला लागलेला कणसुद्धा चाटून घेतला, आणि दगड कोरडा झाल्यावरच मान वर केली.